कागदाची मागची बाजू

सर, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि तुमची ट्रंक मी उघडली. तुम्ही असताना तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून आधी ज्योतीताईला विचारलं, "उघडू ना?" तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तूच उघड बाई. मी उघडली तर बाबा वरून ओरडतील." तुमची मुलगी साठीला आली, स्वतः आजी झाली, तरी तुम्हाला घाबरते हे मुद्दाम कळवते आहे.

वर कडुनिंबाचा वाळून चुरा झालेला पाला होता आणि खाली कागद. एका ओळीत सांगायचं तर तुमच्या ओटीवरचे सगळे रविवार त्यात होते. आमचे, आमच्या आधीच्या पोरांचे, आमच्या नंतरच्यांचे आणि तुमचे. सगळे एकात एक मिसळलेले, आणि एकाही कागदावर सही नाही.

हे सगळं उपसायची वेळ का आली तेही सांगते. आठव्या दिवशी कोळगावहून, जिल्हा कचेरीतून, एक मॅडम भेटायला आल्या होत्या. ओटीच्या भिंतीवर तुम्ही टाचणीने लावलेली चार चित्रं त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जिल्ह्याच्या संकुलात एक दालन रिकामं आहे, तिथे सरांची चाळीस चित्रं कायमची लावू. फक्त एक यादी लागेल. कुठलं चित्र कुणाच्या हातचं ते स्पष्ट हवं, आणि खाली दोन सह्या हव्यात, एक घरच्यांची आणि एक जाणकाराची. ज्योतीताईने लगेच माझं नाव पुढे केलं. "भारतीला विचारा. लहानपणापासून बाबांच्या हाताखाली शिकली, आता बोईसरला शाळेत चित्रकला शिकवते. बाबांची रेघ तिला अंधारात ओळखू येईल."

खरं सांगू? मला ते ऐकून बरं वाटलं. तुमच्या जाण्याचं दुःख होतं, पण त्याच्या शेजारी हेही होतं.

सही करू द्यायची नाही, हा तुमचा नियम. आठवड्यातून एक दिवस, सकाळी, ओटीवर गोणपाटं अंथरायची. मध्ये एखादी वस्तू नाहीतर माणूस बसवायचा आणि गोल करून सगळ्यांनी काढायचं. तुम्हीही आमच्यातच बसायचात, तशाच शिसपेन्सिलीने, तशाच कागदावर. दोन तासांनी कागद गोळा व्हायचे, पत्त्यांसारखे पिसले जायचे आणि उलटसुलट वाटले जायचे. ज्याला जो कागद येईल त्यावर त्याने बोलायचं. कुणाचा आहे ते विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. मग सगळे ट्रंकेत. मी नववीत असताना यावरून तुमच्याशी भांडले होते. बाकीच्या क्लासातली पोरं चित्रावर नाव घालून घरी नेतात, भिंतीला लावतात, आम्ही काय पाप केलंय? तुम्ही पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणालात, "नाव दिसलं की माणूस चित्र बघायचं सोडतो." मी म्हणाले, "मग तुमची चार चित्रं भिंतीवर का?" तुम्ही म्हणालात, "ती माझी आहेत असं मी कधी म्हटलं?"

तेव्हा मला वाटलं, सर विनोद करताहेत. हसून सोडून दिलं मी.

तर, आम्ही दोघी ओटीवर बसलो आणि निवडायला लागलो. एक गठ्ठा तुमचा, एक पोरांचा. पहिल्या दिवशी माझा हात असा काही चालला की ज्योतीताई बघतच राहिली. पोरांचे कागद ओळखायला कठीण नव्हते. लांबवर अणुशक्ती केंद्राची चिमणी दिसते ना, ती प्रत्येक पोराने हौसेने काढलेली, मग चित्र समुद्राचं असो नाहीतर शेळीचं. तुम्ही ती आयुष्यात एकदाही काढली नाहीत. शिवाय माझ्याकडे एक हुकमी खूण होती, तुमची होडी.

तुम्ही वाडीतले, चिकूच्या आणि नारळाच्या झाडांत वाढलेले. झाड तुमच्यासारखं कुणी काढलं नाही. पण होडी तुम्हाला येत नव्हती, सर, आता तुम्ही उठून पट्टी मारणार नाही म्हणून स्पष्ट लिहिते. ओहोटी लागली, खाडी रिकामी झाली की होडी चिखलात बसते आणि एका अंगावर कलते. कोळ्यांच्या घरातल्या तीन वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं. तुम्ही चिखल काढायचात, चिखलातले खेकड्यांचे पाय काढायचात, पाणी कुठे आहे ते लांब रेषेने दाखवायचात आणि मध्ये होडी मात्र सरळ उभी, जशी काही भर समुद्रात चालली आहे. माझे बाबा एकदा तुमचं चित्र बघून म्हणाले होते, "सरांना सांग, ही होडी रात्री कोनाच्या तरी अंगावर पडल." मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. "मला कललेली होडी बघवत नाही," एवढंच म्हणालात. का बघवत नाही ते मी पुढे तीन-चार वेळा विचारलं. तुम्ही दर वेळी दुसराच विषय काढलात. तो वाद तसाच राहिला आहे.

त्यामुळे सरळ उभी होडी दिसली की तो कागद तुमच्या गठ्ठ्यात जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही चाळीस निवडले. त्यात एक माझ्या घरून आणायचा होता, तो तुम्हाला माहीत आहे. आई गेली तेव्हा तुम्ही बोईसरला घरी आला होतात, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद होता. "हे तुझ्या आईचं. ठेव." आई बोंबील वाळत घालायच्या बांबूंजवळ बसली आहे, आपल्याकडे पाठ करून. फक्त पाठ, मानेवरचा अंबाडा, आणि जमिनीला टेकलेला एक तळवा. मी तो काच लावून मढवला. माझ्या शाळेतल्या मुलांना मी दर वर्षी ते चित्र दाखवते आणि एक लांबलचक भाषण देते: बघा, आमच्या सरांनी चेहरा काढायचं टाळलं, पाठीतून माणूस दाखवला, कच्चा चित्रकार असता तर चेहऱ्याच्या मागे लागला असता. दर वर्षी तेच भाषण, आणि दर वर्षी मला गहिवरून येतं.

चाळिसांत ते हवंच, असं ज्योतीताईचं म्हणणं. मी आणलं. सगळी चित्रं एकसारखी मढवायची म्हणून सुरीने मागचे बारीक खिळे उपटले, पुठ्ठा काढला आणि कागद उचलला. उचलताना बोटं मागच्या बाजूला लागली.

मागे वळ होते. पेन्सिल इतकी दाबून चालवलेली की रेघ कागदाच्या मागे उमटली होती. डोळे मिटून बोट फिरवलं तर आईची पाठ हाताला लागत होती.

सर, तुम्ही पेन्सिल शेपटीकडून धरायचात. आमच्या बोटांवर मारून मारून आम्हालाही तशीच धरायला शिकवलंत. "कागदाला गुदगुल्या करा, नांगरू नका." तुमच्या कागदाची मागची बाजू कोऱ्या कागदासारखी गुळगुळीत असते. मी तुमच्या गठ्ठ्यातले सगळे चाळीस कागद उलटे केले आणि एकेकावर हात फिरवला. एकोणतीस गुळगुळीत. अकरा नांगरलेले. आणि ते अकरा कुठले? ओटीवरच्या चारपैकी तीन, ज्यांच्यापुढे त्या मॅडम थांबल्या होत्या. चिकूच्या झाडाखाली झोपलेला म्हातारा. माझी आई. चिखलात सरळ उभ्या असलेल्या दोन होड्या. आणि बाकीचे कामात गढलेल्या माणसांचे.

म्हणजे तुमची चूक आणखी कुणीतरी करत होतं. कोळ्याच्या पोराने ती केली नसती, वाडीतल्या पोराला आम्ही करू दिली नसती. ज्याने होडी आधी कधी पाहिलीच नाही, तुमच्या कागदावरच पहिल्यांदा पाहिली, असं कुणीतरी.

"दाबून कोण काढायचं गं?" मी ज्योतीताईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत, मी तर लग्न होऊन गेले होते." मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ती नव्हती का, जान्याची पोरगी? कागद फाडायची, बाबा हसायचे तिला."

काशी. मला नाव आठवायला ज्योतीताईची मदत लागली याची मला लाज वाटते. दिवाळीनंतर तिचे आईबाप डोंगरातून उतरून तुमच्या वाडीत कामाला यायचे. भात कापून झालं की वरती काम नसायचं. पहिल्या वर्षी ती ओटीच्या पायरीवर बसून बघायची, दुसऱ्या वर्षी तुम्ही तिला गोणपाटावर बसवलंत. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. कुणाशी बोलायची नाही. पुढे जान्या तुमच्याकडे बारमाही राहिला आणि तीही राहिली, लग्न होईपर्यंत.

आणि मग मला तो एक रविवार आठवला. कागद पिसून वाटले होते आणि माझ्याकडे आला होता झोपलेला म्हातारा. उघडं तोंड, छातीवर टोपी, शेजारी चिकू तोडायची जाळीची काठी. मी दहावीत होते आणि मला सगळं कळत होतं. मी उभी राहिले, कागद सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाले, "नियम मोडते, सर, पण हे तुमचं आहे. दुसऱ्या कुणाला जमणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "पुढचा कागद." काशी खांबाला टेकून बसली होती, पेन्सिल दातांत धरून.

तुम्ही "हो" म्हणाला नाहीत. "नाही"ही म्हणाला नाहीत. मला आईचं चित्र देतानाही "मी काढलं" असं म्हणाला नाहीत. तेव्हापासून मी तुमची वाक्यं आठवून तपासते आहे, त्यात खोटं एकही सापडत नाही. म्हणूनच राग येतो. सरळ खोटं बोलला असतात तर मी तुम्हाला माफ करून मोकळी झाले असते.

ज्योतीताईला मी हे सांगितलं तेव्हा ती चिडली. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. "भारती, बाबांना जाऊन दोन आठवडे नाय झाले, आणि तू त्यांची चित्रं दुसऱ्याच्या नावावर करायला निघालीस? आणि नेमकी चांगली तेवढीच? मग त्या दालनात काय लावायचं, चिकूची झाडं?" मी म्हटलं, चिकूची झाडं उत्तम आहेत. ती म्हणाली, "कागदाच्या मागे हात लावून कोण बघणार आहे? भिंतीला लागल्यावर संपलं."

हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं. तुमच्यापासून काय लपवायचं? काच लावली, खिळा ठोकला की मागची बाजू भिंतीकडे. काशी कधी विचारायला येणार नव्हती. आणि माझी आई तुम्ही काढलेली राहिली असती. पुढच्या वीस मिनिटांत मी जवळजवळ ठरवलं होतं की राहू दे. मग कागद आवरताना आईचा कागद पुन्हा हाताला लागला आणि मला कळलं की हे मला जमणार नाही. घरी नेऊन तो पुन्हा मढवला असता, तरी मागे काय आहे ते मला माहीत राहिलं असतं.

काशीचा पत्ता तुमच्या वाडीत आता कामाला असलेल्या बाईने दिला. बोईसरला, कारखान्यांच्या मागच्या चाळीत. इतकी वर्षं मी शाळेत जाते तो रस्ता तिथूनच जातो. दुपारी तीनला पोचले. शेजारच्या दारातली बाई आत ओरडली, "काशी दीदी, कोई मॅडम आयी है." काशी पहिल्या शिफ्टवरून नुकतीच आली होती, डोक्याला कामावरची टोपी तशीच. एका कारखान्यात औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरते. मला वाटलं, ओळख सांगावी लागेल.

"भारती ना तू? ये बाय, बस. सर गेले ते कळला मना. शिफ्ट होती, नाय येता आला."

मी अकराही कागद चटईवर मांडले. तिने वरून एक नजर टाकली आणि सर, पहिली गोष्ट काय केली असेल तर कागद उलटा केला आणि मागे बोट फिरवलं. मला जे सापडायला इतकी वर्षं आणि एक सुरी लागली ते तिने बसल्या बसल्या केलं.

"यो माजा. यो माजा. यो बाप हाय माजा, झोपलेला. कामाच्या टायमाला झोपला म्हनून सर वरडले त्याला, आन मग मना म्हनले, उठवू नको, काड."

"तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की हे सरांचं आहे. तू बोलली का नाहीस?"

ती हसली. "का बोलू? तू सरांचा म्हनलीस. मना एवढा बरा वाटला, दोन दिस जेवन गोड लागला."

आईच्या कागदावर ती थांबली. मी विचारलं, पाठ का काढलीस? माझ्या भाषणाचं उत्तर मला हवं होतं बहुतेक. ती म्हणाली, "तुजी आय रडत होती त्या दिशी. समोरना बसली असती तर तिला लाज वाटली असती. म्हनून मी मागना बसली."

आई का रडत होती ते काशीला माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही. घरात एवढी वर्षं ते चित्र होतं, मी त्याच्यापुढे उभं राहून पोरांना रचना शिकवत होते, आणि त्यातली बाई रडते आहे हे मला कळलं नव्हतं. तिथे चटईवर मी थोडा वेळ रडले. काशीने पाणी दिलं आणि ती कागद बघत राहिली.

मग तिने दोन कागद बाजूला काढले. एक पाणी शेंदणाऱ्या बाईचा, एक चिकूच्या पाट्या वाहणाऱ्या माणसाचा. "ये माजे नाय."

"मागे वळ आहेत की. तुझ्यासारखेच."

"ये सरांचे."

मी म्हटलं, सर असं दाबून कधीच काढायचे नाहीत. ती म्हणाली, "तुमी सगली घरी गेलीव का मग काडायचे. मना थांबवायचे. म्हनायचे, काशी, दाखव कसा दाबतेस. मी दाखवायची. मग ते काडायचे. हात दुखायचा त्यांचा, वाटीत गरम पानी घेऊन शेकायचे."

"कुणाला सांगू नको म्हणाले होते?"

"नाय. तसा काय नाय म्हनले. मीच नाय सांगला."

हे तुमचे कसे ओळखलेस, मी विचारलं. तिने माझा हात धरला आणि माझं बोट आधी आईच्या कागदामागे फिरवलं, मग तुमच्या. "बघ. जिथं भार हाय तिथं दाबायचा. तुजी आय बसलेय, तिचा सगला भार हितं, आन या हाताच्या तलव्यावर. वर मानेला कायच नाय, तिथं पेन्सिल नुसती लावली. आन सरांचा बघ. सगलीकडं सारखाच दाबलाय. पाटी बी दाबली, पाय बी दाबला, मागचा झाड बी दाबला."

बोटाला स्पष्ट कळत होतं. माझ्या वर्गातली पहिल्या महिन्यातली मुलं असंच करतात. सांगितलेलं एवढं मनापासून करतात की सगळीकडे करतात.

"मग सांगितलं नाहीस त्यांना?"

"मी कसा सांगू? सर हायेत ते."

सर, इतके दिवस माझ्या मनात एक प्रश्न होता, आणि तो विचारायची हिंमत तुम्ही जिवंत असताना मला झाली नसती. तुम्हाला तिचा हेवा वाटत होता का? गप्प बसलात ते नियम म्हणून, की त्या पोरीचं चित्र तुमचं म्हणून खपतंय ते तुम्हाला आवडलं म्हणून? चाळीतून परत येताना मी रिक्षात तेच घोळवत होते. उत्तर मिळालेलं नाही. मला वाटतं, हेवा वाटला असणार. तुम्ही माणूस होतात. तिचं नाव तेव्हा चार लोकांत घेतलं असतंत तर ती आज बाटल्या भरत नसती कदाचित, हेही मी तुमच्या खात्यातून काढून टाकणार नाही. पण ज्याला हेवा वाटतो त्याने काय करायचं याच्या पुष्कळ तऱ्हा असतात, आणि तुम्ही पन्नाशीत, सगळ्या तालुक्यात नाव असताना, दार लोटून एका पोरीपुढे पेन्सिल घेऊन बसलात. आम्हाला बोटांवर मारून जे शिकवलंत तेच स्वतः मोडायला निघालात. आणि तुम्हाला ते जमलं नाही. कितीतरी कागद फाडून टाकले असतील, पण ते दोन न जमलेले ट्रंकेत ठेवलेत, तिच्या कागदांच्या मध्येच. हे मी आयुष्यभर तुमच्याकडून शिकले त्यापेक्षा जास्त आहे, आणि हे तुम्ही शिकवलंच नव्हतंत.

निघताना मी काशीला विचारलं, तुझं नाव लिहिते यादीत, चालेल ना? मला वाटलं ती नको म्हणेल. पुस्तकातल्या गरीब बायका नको म्हणतात. ती म्हणाली, "लिव. काशी जान्या, असा लिव. बाप हाय त्यात. नवऱ्याचा नाव नको, त्यानं काय काडलाय?" आणि मग, "लावतील तवा सांग मना. सुटी टाकते. लेकीला पन आनते." आता काढतेस का, असं विचारलं तर म्हणाली, "नाय बाय. खोकी भरून बोटा वलत नायत." मी कागद गोळा केले आणि निघाले.

काल मी आणि ज्योतीताई यादी भरायला बसलो. कोळगावहून छापील कागद आला आहे, त्यावर रकाने आहेत: चित्र, चित्रकार, शिक्षण कोणाकडे. एकोणतीस चित्रांपुढे तुमचं नाव घातलं, आणि शिक्षणाच्या रकान्यात तुमच्या मुंबईच्या कलाशाळेचं. नऊ चित्रांपुढे लिहिलं, काशी जान्या, आणि शिक्षणाच्या रकान्यात तुमचं नाव. ज्योतीताई बघत होती, तोंड घट्ट मिटून. माझ्या आईचं चित्रही त्या नवांत गेलं.

शेवटी तुमची ती दोन राहिली. पाणी शेंदणारी बाई आणि पाट्या वाहणारा माणूस. ज्योतीताई म्हणाली, "ही तरी बाबांचीच ना? नक्की?" मी म्हटलं, नक्की. तिला कागद उलटा करून दिला, बोट फिरवायला लावलं, आणि काशीने सांगितलेलं सगळं सांगितलं, गरम पाण्याच्या वाटीसकट. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "मग खरं काय ते लिव."

सर, चित्रकार म्हणून दोन्हीकडे तुमचं नाव लिहिलं आहे. आणि शेजारच्या रकान्यात, शिक्षण कोणाकडे, तिथे लिहिलं आहे: काशी जान्या. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या.